शिकारीचा कायदा नेमका कुठे ठरतो, आणि तिथे आपला कागद कसा पोचवायचा

रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) पीक झोपवलं की आपल्याकडे कार्यक्रम ठरलेला असतो. तहसीलवर मोर्चा, कलेक्टरला निवेदन, पेपरात फोटो आणि घोषणा एकच, "शिकारीची परवानगी द्या". तिकडे शहरात प्राणीप्रेमी मंडळींची ऑनलाइन पिटिशन फिरत असते की परवानगी देऊ नका, सही करा आणि अजून दहा जणांना पाठवा. दोन्हीकडची माणसं मनापासून करतात यात वादच नाही, पण कलेक्टरच्या हातात यातलं फारसं काही नसतं आणि ऑनलाइन पिटिशनला दिल्लीत कुणी विचारत नाही. त्याच वेळी ज्यांना कायदा कळतो ती चार माणसं शांतपणे एका समितीसमोर जाऊन बसतात, दोन शब्द बदलून घेतात, आणि पुढची वीस वर्षं आपण त्या दोन शब्दांवर भांडतो.

म्हणून हे लिहितोय. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात याच्याशी मला देणंघेणं नाही, माझं मत विचाराल तर खुली शिकार नको, पण पीक गेलेल्या माणसाला एका अर्जासाठी तीन ऑफिसं फिरवणंही नको. पद्धत दोन्ही बाजूंना तीच लागते.

पहिलं काम म्हणजे कुठला कागद बदलायचाय ते ठरवा

बहुतेक लोक इथेच अडकतात. "कायदा बदला" असं म्हणतात, पण त्यांना जे हवं असतं ते बऱ्याचदा कायदा न बदलताही मिळण्यासारखं असतं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ उघडा. सगळा वाचायची गरज नाही, कलम २, ९, ११, ६१ आणि ६२ वाचा. कलम ९ म्हणतं शिकार बंद. कलम ११ म्हणतं कुठल्या परिस्थितीत परवानगी मिळेल. कलम ६१ केंद्र सरकारला अनुसूचीत म्हणजे शेड्यूलमध्ये, कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या यादीत, प्राणी टाकायचा, काढायचा किंवा एका शेड्यूलमधून दुसऱ्यात हलवायचा अधिकार देतं, तोही नुसत्या अधिसूचनेने, बिल आणायची गरज नाही. आणि कलम ६२ नुसार केंद्र शेड्यूल दोनमधल्या एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात ठरावीक काळापुरतं उपद्रवी जाहीर करू शकतं, ज्याला सगळे व्हर्मिन म्हणतात.

आता कलम ११ जरा बारकाईने बघा कारण खरी मारामारी तिथे आहे. शेड्यूल एकमधला प्राणी, म्हणजे वाघ, बिबट्या वगैरे, माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा तो बरा न होण्याइतका जखमी, आजारी असेल तरच मारायची परवानगी मिळू शकते आणि ती मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो, जो आपल्याकडे नागपूरला बसतो. शेड्यूल दोनमधल्या प्राण्यासाठी मात्र "माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला" धोका पुरतो, आणि मालमत्तेत उभं पीक येतं असं कायद्यातच लिहिलंय. शिवाय ही परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक स्वतः देऊ शकतो किंवा त्याने नेमलेला अधिकारी देऊ शकतो. म्हणजे प्राणी एकमध्ये आहे की दोनमध्ये यावर सगळं ठरतं. जुन्नर-शिरूरकडे बिबट्याला एकमधून दोनमध्ये टाका अशी मागणी होते ती याचसाठी, आणि वन्यजीववाले त्याला जिवाच्या आकांताने विरोध करतात तोही याचसाठी.

रोही आणि रानडुक्कर आधी शेड्यूल तीनमध्ये होते, आता दोनमध्ये आहेत. म्हणजे त्यांच्यासाठी वाट आधीपासून आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये जीआर काढून वनक्षेत्रपालाकडे, म्हणजे आरएफओकडे, अर्ज करायची सोय केली ती याच कलमाच्या जोरावर. त्यामुळे "रानडुक्कर व्हर्मिन करा" ही मागणी घेऊन दिल्लीला जाण्याआधी स्वतःला विचारा की अडचण कायद्यात आहे का तुमच्या आरएफओ ऑफिसात अर्ज पडून राहतो त्यात आहे. दुसरं असेल तर जीआरमध्ये दुरुस्ती मागा, ते मुंबईत होतं, आणि दिल्लीपेक्षा मुंबई जवळ आहे.

शिकारीची व्याख्याही एकदा वाचून घ्या, कलम २ मध्ये आहे. नुसतं मारणं म्हणजे शिकार असं नाही. पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाकारा घालून हाकलणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं, सगळं शिकारच. घरटं किंवा अंडी फोडली तरी त्यात येतं. कुंपणात मेन लाइनचा करंट सोडणारे म्हणतात आम्ही फक्त पीक राखतोय, कायद्याच्या लेखी ती शिकार आहे आणि त्यात वाघ मेला तर मग बोलायलाच नको.

हा अधिकार दिल्लीला गेला कसा

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आमदार "हा विषय केंद्राचा" असं म्हणून फोन ठेवतो तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं ते कळत नाही.

आधी हा विषय राज्यांचा होता. मुंबई राज्याचा १९५१ चा स्वतःचा वन्य प्राणी-पक्षी संरक्षण कायदा होता, लायसन घेऊन शिकार चालायची. साठच्या दशकात शिकार कंपन्या परदेशी गिऱ्हाईक आणायच्या, वाघ मारून द्यायच्या, आणि बंदीचा विषय निघाला की त्यांचा मुद्दा एकच, परकीय चलन येतंय. त्या काळात तो मुद्दा हलका नव्हता. पण १९६९ मध्ये दिल्लीत जागतिक निसर्ग संवर्धन संघाची बैठक झाली, वाघांची अवस्था जगासमोर आली, १९७० ला वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ ला कायदा. कायद्याचा मसुदा एम. के. रणजितसिंह या आयएएस अधिकाऱ्याने लिहिला, तेही वांकानेरच्या राजघराण्यातले, म्हणजे ज्या वर्गाने हौसेने शिकार केली त्यातल्याच माणसाने ती बंद करायचं कलम लिहिलं.

विषय राज्यांचा असल्याने संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. राज्यघटनेच्या कलम २५२ खाली ११ राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले तेव्हा कुठे तो झाला. त्या ११ मध्ये महाराष्ट्र नव्हता, आपण मागाहून स्वीकारला. मग १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वन्यप्राणी समवर्ती सूचीत गेले. आणि १९९१ च्या दुरुस्तीपर्यंत लायसनवर शिकार कागदावर तरी शिल्लक होती, तीही तेव्हा संपली.

समवर्ती सूची म्हणजे राज्यालाही कायदा करता येतो, फक्त तो केंद्राच्या कायद्याशी भांडत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. केरळने हीच वाट धरली. आधी त्यांनी रानडुक्कर व्हर्मिन करा म्हणून केंद्राकडे परत परत मागणी केली, केंद्र नाही म्हणत राहिलं. मग २०२२ मध्ये त्यांनी डोकं लढवलं, कलम ११ मधल्या "नेमलेला अधिकारी" या शब्दांचा फायदा घेऊन पंचायतीच्या अध्यक्षांना परवानगी देण्याचे अधिकार दिले. आणि २०२५ मध्ये त्यांच्या विधानसभेने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारं विधेयकच पास केलं. राष्ट्रपतींची सही झाल्याशिवाय ते लागू होत नाही, पण तोवर दबाव बनतोच. तर आमदार विषय झटकायला लागला तर त्याला केरळ दाखवा.

बिल उघडलंय कशासाठी ते आधी बघा

कायद्यात मोठी दुरुस्ती क्वचितच होते. १९९१, मग २००२, मग २००६, मग थेट २०२२. मधल्या काळात तुम्ही कितीही ओरडा, तो दरवाजा बंद असतो. खाजगी सदस्याचं विधेयक कुणा खासदाराने मांडलं म्हणून फटाके वाजवू नका, असं विधेयक शेवटचं पास झालं १९७० मध्ये.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती विधेयक आलं ते शेतकऱ्यांसाठी नव्हतं आणि वाघासाठीही नव्हतं. ते आलं साइट्स करारासाठी. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा हा करार, आपण १९७६ पासून त्यात आहोत, आणि त्याची नीट कायदेशीर व्यवस्था लावायची होती. पण एकदा कायदा उघडला की मग सगळेच आपापलं गाठोडं घेऊन येतात. सहा शेड्यूलची चार झाली. कावळे, उंदीर, वटवाघळं होती ते व्हर्मिनचं जुनं शेड्यूल पाच गेलं. लाल तोंडाचं उत्तरेकडचं माकड शेड्यूलमधून बाहेर पडलं, आणि आपल्याकडचं दक्षिणेतलं टोपीवालं माकड मात्र वर, शेड्यूल एकमध्ये गेलं. कोकणातल्या आणि केरळातल्या बागायतदाराला हे कळलं तोवर अधिसूचना निघून लागूही झाली होती, १ एप्रिल २०२३ पासून. आता ते दोनमध्ये आणा म्हणून केरळची खटपट चालू आहे. उत्तरेतल्या माकडाचं एक झालं, दक्षिणेतल्याचं दुसरं, आणि सभागृहात यावर कुणी तासभर भाषण केलं असेल असं समजू नका. हे सगळं यादीत होतं, आणि यादी शेवटच्या पानांवर असते जिथे कुणी पोचत नाही. म्हणून बिल हातात आलं की शेवटून वाचायला सुरुवात करा.

समिती कुठली, हा अर्धा निकाल असतो

बिल मांडल्यावर ते कुठे पाठवायचं यावरच मोठं राजकारण असतं. एक तर कुठेच पाठवायचं नाही, थेट पास. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के बिलं समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. म्हणजे तुमचं बिल समितीकडे गेलं हेच नशीब समजा.

गेलं तर दोन प्रकार. खात्याशी जोडलेली स्थायी समिती, अशा एकूण २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्री असलेला माणूस सदस्य होऊ शकत नाही. पर्यावरण आणि वनं ज्या समितीकडे येतात ती राज्यसभेकडची आहे, विज्ञान-तंत्रज्ञानही तिच्याकडेच. दुसरा प्रकार म्हणजे त्या एका बिलापुरती बनवलेली संयुक्त समिती.

फरक काय पडतो ते बघा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये एकाच आठवड्यात पर्यावरण मंत्रालयाची दोन बिलं मांडली गेली, जैवविविधतेचं आणि वन्यजीवांचं. जैवविविधतेचं संयुक्त समितीकडे गेलं. स्थायी समितीचे अध्यक्ष तेव्हा जयराम रमेश होते, काँग्रेसचे आणि माजी पर्यावरणमंत्री, त्यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. वन्यजीवांचं बिल त्यांच्या समितीकडे आलं, त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये सविस्तर अहवाल दिला. शेड्यूलमध्ये कुठले प्राणी राहून गेलेत, कुठले चुकीच्या जागी आहेत याच्या याद्याच जोडल्या. पुढे २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्याचं दुरुस्ती बिल आलं तेव्हा ते परत संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं आणि त्या समितीने एकही बदल न सुचवता जसंच्या तसं मान्य केलं, विरोधी सदस्यांची भिन्नमत टिपणं तेवढी मागे राहिली. तर बिल मांडल्याची बातमी आली की दुसरी बातमी लगेच शोधा, कुठे पाठवलं. स्थायी समितीकडे असेल तर कष्ट घ्या. संयुक्त समितीकडे असेल तर सगळी ताकद एखाद्या सदस्याकडून भिन्नमत टिपण लिहून घेण्यावर लावा, निदान रेकॉर्डवर तरी राहतं आणि पुढे कोर्टात कामाला येतं.

निवेदन कसं लिहायचं

समिती पेपरात आणि वेबसाईटवर जाहिरात देते, सूचना मागवल्या आहेत अशी. मुदत साधारण पंधरा दिवस. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत लागतं, तर मराठीत लिहा आणि कुणाकडून तरी नीट भाषांतर करून घ्या, त्या बाबतीत भावना आणू नका. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तुमचं निवेदन समितीचा गोपनीय कागद असतो, अहवाल सभागृहात ठेवेपर्यंत ते तुम्ही पोस्ट करत फिरू नका. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं निवेदनातच स्पष्ट लिहायचं, नंतर कुणी विचारत नाही.

आता मजकूर. आपल्याकडचं टिपिकल निवेदन असं असतं, "बळीराजा देशोधडीला लागला असून शासनाने याची गांभीर्याने दखल घेऊन त्वरित योग्य ती कारवाई करावी ही नम्र विनंती." याचं समितीच्या सचिवालयातला माणूस काय करणार, फाइलला लावणार. त्याच्यासमोर एक तक्ता असतो, डावीकडे बिलातलं कलम, मधे सूचना, उजवीकडे मंत्रालयाचं उत्तर. तुमचं निवेदन त्या तक्त्यात बसलं पाहिजे. म्हणजे असं लिहा, "कलम ११ मध्ये 'लेखी आदेशाने' या शब्दांआधी 'अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत' हे शब्द घालावेत. कारण, आमच्या तालुक्यात अर्ज ते आदेश एवढ्या दिवसांचा काळ जातो, सोबत अमुक अर्जांच्या पोचपावत्या जोडल्या आहेत." झालं, दीड पान. आता याला मंत्रालयाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर अहवालात छापून येतं.

तुम्ही दुसऱ्या बाजूचे असाल तर तीच पद्धत, शब्द वेगळे. "आदेश दिल्यापासून तीस दिवसांत त्याची प्रत, कारण आणि मारलेल्या प्राण्यांची संख्या वेबसाईटवर टाकावी." एवढी ओळ मिळवलीत तर ती शंभर मेणबत्ती मोर्चांपेक्षा जास्त काम करेल. वाघाचे फोटो लावू नका, समितीतल्या सगळ्यांनी वाघ पाहिलाय.

आणि पुरावा. आपली सगळ्यात कच्ची बाजू हीच. पीक गेलं की बरेच जण पंचनामाच करत नाहीत, भरपाई पंधराशे मिळणार आणि त्यासाठी चार चकरा, कोण करणार. पण पंचनामा नसेल तर सरकारच्या लेखी तुमच्याकडे रानडुक्करच नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की खरीप २०२६ पासून पीक विम्यात वन्यप्राण्यांचं नुकसान धरणार, ७२ तासांच्या आत ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकायचे. विम्याचे पैसे मिळोत न मिळोत, हे फोटो टाकत राहा. गावागावाचा असा तारीखवार नोंदींचा ढीग याआधी कुणाकडेच नव्हता, आणि पुढच्या वेळी कायदा उघडेल तेव्हा ज्याच्याकडे हा ढीग असेल त्याचंच समिती ऐकेल. माझा अंदाज आहे हां हा, पण मी यावर पैज लावायला तयार आहे.

अहवाल आला म्हणजे जिंकलं असं नाही

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. २०२२ च्या अहवालात एक चांगली शिफारस होती, मानव-वन्यजीव संघर्षासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असावी, तिने त्या त्या भागाचा आराखडा करावा, पीकपद्धतीबद्दल सुचवावं, आणि तातडीचे निर्णय लगेच घेता यावेत. समितीने सरळ म्हटलं होतं की हा प्रश्न शिकारीइतकाच गुंतागुंतीचा आहे. कायद्यात ती आली नाही. दुसरी शिफारस राज्य वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीबद्दल. नवीन बिलात अशी समिती काढायची तरतूद होती आणि खासदारांना भीती होती की त्यात सगळे सरकारीच बसतील आणि नुसता शिक्का मारतील, म्हणून मंडळातल्या बिनसरकारी सदस्यांपैकी निदान एक तृतीयांश त्यात घ्या असं त्यांनी सुचवलं. कायद्यात उपाध्यक्षांनी, म्हणजे बहुतेक ठिकाणी वनमंत्र्यांनी, मंडळाच्या सदस्यांतून दहापर्यंत माणसं निवडायची एवढंच राहिलं.

तर अहवाल आणि कायदा यांच्या मधला जो काळ असतो, २०२२ ला तो एप्रिल ते ऑगस्ट होता, लोकसभेत २ ऑगस्टला पास झालं आणि राज्यसभेत ८ डिसेंबरला, त्या काळात काम करा. सगळे अहवालानंतर दमून झोपतात. मंत्रालय मात्र तेव्हाच अधिकृत दुरुस्त्या लिहीत असतं. त्या काळात आपल्या खासदाराला अहवालातलं पान आणि परिच्छेद क्रमांक देऊन सांगा की हे विचारा. खासदाराला आयता प्रश्न मिळाला की तो विचारतो, त्यालाही बोलायला काहीतरी हवंच असतं.

मंडळांचंही तसंच आहे. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान, पण २०१२ नंतर पूर्ण मंडळ बसलं ते मार्च २०२५ मध्ये गीरला. मधली सगळी वर्षं काम चाललं ते पर्यावरणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीत. मोठ्या नावाच्या समितीत आपला माणूस घुसवण्याच्या भानगडीत पडू नका, कुठली समिती खरंच बसते ते बघा.

२०१६ चा किस्सा, जो प्रत्येकाने अभ्यासावा

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर वर्षभरासाठी व्हर्मिन जाहीर केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर, मग हिमाचलात माकडं. जूनमध्ये बिहारमधल्या मोकामाला हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेहून जास्त रोही मारले. मनेका गांधी तेव्हा केंद्रात मंत्री होत्या आणि पर्यावरणमंत्री होते आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर. एकाच मंत्रिमंडळातले दोघं, आणि मनेका गांधी कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या की ही मारण्याची हौस आहे, पर्यावरण मंत्रालयच राज्यांना पत्रं लिहून विचारतंय कुठला प्राणी मारायचा. चंद्रपूरच्या रानडुकरांचंही त्यांनी नाव घेतलं. जावडेकरांचं म्हणणं होतं की हा जुनाच कायदा आहे, शेतकऱ्याचं नुकसान होतं, राज्य प्रस्ताव पाठवतं, मग आम्ही ठरावीक भागापुरती परवानगी देतो. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने त्याच महिन्यात स्थगिती द्यायला नकार दिला.

टीव्हीवर सगळं भांडण दोन मंत्र्यांचं दिसलं. पण बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, या सगळ्यात संसदेत एकही बिल आलं नाही, एकही समिती बसली नाही. राज्याने प्रस्ताव पाठवला, केंद्राने अधिसूचना काढली, संपलं. कलम ६२ ची खरी गंमत ही आहे. तिथे लॉबिंग करायचं तर ते राज्याच्या वन खात्याच्या प्रस्तावाच्या टप्प्यावर करायचं, नंतर फक्त कोर्ट उरतं. आणि परवानगी मिळाली म्हणजे प्राणी कमी होतात असंही नाही, हिमाचलात माकडांवर कुणी हात उचलायला तयार होईना, मारुतीला कोण मारणार.

त्याच वर्षी गोव्यात कृषिमंत्र्यांनी मोरालाही उपद्रवी प्राण्यांत धरायचा विचार बोलून दाखवला. राष्ट्रीय पक्षी, शेड्यूल एक. देशभर गदारोळ झाला आणि विषय तिथेच मेला. मागणी करताना निदान शेड्यूल बघून करावी, नाहीतर बाकीच्या खऱ्या तक्रारीही हसण्यावारी जातात.

विधिमंडळात काय मागायचं

आपल्याकडे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी ही दोन हत्यारं आहेत. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, वन खात्याचं मुख्यालयही तिथेच, विदर्भातल्या आमदाराला यावर बोलायला आवडतं. पण लक्षवेधी लागली, मंत्री म्हणाले "बैठक घेऊन निर्णय घेऊ", टाळ्या, बातमी, आणि विषय संपला असं होऊ देऊ नका. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे जातो, ती समिती खात्याला विचारते की दिलेल्या शब्दाचं काय झालं. तुमचं काम एवढंच, कार्यवाहीतलं ते वाक्य शोधून काढा, तारीख लावा, आणि समितीतल्या एखाद्या आमदाराच्या हातात ठेवा. विनंती अर्ज समितीही आहे, आमदाराच्या मार्फत अर्ज जातो. आश्वासन समितीचा ताप खात्याला जास्त होतो, अधिकाऱ्याला समोर बसून उत्तर द्यावं लागतं.

मागणी करताना आकडा आणि मुदत मागा. "परवानगी सुलभ करा" असं म्हणू नका. "मागच्या आर्थिक वर्षात जिल्हावार किती अर्ज आले, किती मंजूर, किती फेटाळले, सरासरी किती दिवस लागले" हा तारांकित प्रश्न विचारून घ्या. उत्तर आलं की तेच उत्तर पुढच्या सगळ्या निवेदनांना जोडायचं. आमदार मिळाला नाही तर हीच माहिती माहितीच्या अधिकारात मागा, वेळ जास्त लागतो पण कागद तोच मिळतो.

खोलीत कोण नसतं

या सगळ्या समित्यांसमोर कोण येतं? मंत्रालयाचे अधिकारी, वन्यजीव संशोधक, प्राणी हक्कवाल्या संस्था त्यांच्या वकिलांसह, हत्तीवाले, आणि कधीमधी शेतकरी संघटना. आपल्याकडे लॉबिंगची नोंदणी करायचा कायदा नाही, त्यामुळे कोण कुणाला बाहेर भेटलं ते कळायला मार्ग नाही.

फासेपारधी कधी येत नाहीत. ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्या पोट शिकारीवर होतं त्यांच्या बाबतीत १९७२ आणि १९९१ दोन्ही वेळा निर्णय झाले, आणि त्यांना ते कळले ते केस लागल्यावर. २००६ चा वनहक्क कायदा बघा, आदिवासींचे पारंपरिक हक्क मान्य करणारा, संयुक्त समितीत भरपूर चर्चा होऊन बराच सुधारलेला. त्यात कलम ३ मध्ये हक्कांची लांबलचक यादी आहे, मध, डिंक, चराई, मासे, जमीन सगळं, आणि शेवटच्या भागात "इतर कुठलेही पारंपरिक हक्क" असं म्हणून पुढे लगेच शिकार आणि फासे लावायचा हक्क वगळलाय. मी म्हणत नाही की तो द्यायला हवा होता. पण ज्यांचा हक्क वगळला त्यांच्यापैकी कुणी बाजूच्या खुर्चीवर होतं का, हे विचारायला हरकत नसावी.

तुमची संघटना पुढच्या वेळी साक्षीला जाणार असेल तर एक जागा त्यांना द्या. उपकार म्हणून नाही, फायद्यासाठी. समितीसमोर सगळे पदाधिकारी एकसारखं बोलतात. रानडुकराची वाट कुठून जाते, कळप कधी फुटतो, कुठल्या महिन्यात मारलं तर संख्या खरंच कमी होते, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस बोलायला लागला की खासदारही मोबाईल खाली ठेवतात.

बाकी एक काम आत्ताच करून ठेवा, संसदेच्या वेबसाईटवर जाऊन पर्यावरणाच्या स्थायी समितीत या वर्षी महाराष्ट्रातले कोण कोण आहेत ते बघा. समिती दरवर्षी नव्याने बनते, त्यामुळे मागच्या वर्षीची यादी चालणार नाही.